बारा वर्षं जुनी डिझेल गाडी पावणेतीन लाखांना घ्यावी का?

पाटण तालुक्यातल्या एका शिक्षकांनी हा प्रश्न विचारलाय. जून २०१३ची स्विफ्ट डिझेल, मीटरवर १ लाख ३८ हजार किलोमीटर, दुसरा मालक, मागणी २ लाख ७५ हजार. सरांकडे साठवलेले तीन लाख आहेत. शाळा घरापासून नऊ किलोमीटरवर. एरवी ते मोटारसायकलने जातात, पण पावसाळ्याचे चार महिने तिथला पाऊस दुचाकीवर झेपत नाही. वडिलांना महिन्यातून दोनदा कराडला डॉक्टरांकडे आणावं लागतं. घरात दोन लहान मुलं. मेहुणे म्हणतात, जुनी गाडी म्हणजे पांढरा हत्ती, त्यापेक्षा कर्ज काढून नवी घ्या. तर काय करावं?

सर, जुनी गाडी जरूर घ्या, पण ही घेऊ नका. दोन्हीची कारणं सांगतो. कराडला गॅरेज चालवून मला सत्तावीस वर्षं झाली आणि जुनी गाडी घेऊन सुखी झालेली माणसं मी फसलेल्यांपेक्षा जास्त पाहिलीत. फसलेल्यांपैकी बहुतेकांनी एकच चूक केली होती. विकणाऱ्याला दिलेली रक्कम हीच गाडीची किंमत समजून त्यांनी हातातले सगळे पैसे तिथेच संपवले. तुमच्याकडे तीन लाख आहेत आणि तुम्ही पावणेतीन लाखांची गाडी बघताय, मला पहिली धास्ती तिथेच वाटली.

जुनी गाडी घरी आली की पहिल्या दोन महिन्यांत तिला ‘बसवून’ घ्यावी लागते. सगळी ऑइलं, कूलंट, फिल्टर, ब्रेक पॅड आणि लायनर, बॅटरी, खालचे बुश, लिंक रॉड हे सगळं त्यात आलं. टायरवर नक्षी दिसत असली तरी बाजूचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यातले पहिले दोन आठवडा सांगतात आणि नंतरचे दोन वर्ष. सहा वर्षांवरचा टायर मी माझ्या घरच्या गाडीला ठेवत नाही. चार टायरचेच चौदा-पंधरा हजार होतात. क्लच प्लेट शेवटाला आली असेल तर आणखी दहा-बारा हजार. छोट्या पेट्रोल गाडीला हे सगळं धरून पस्तीस ते पन्नास हजार लागतात. विकणारा त्यातलं काही करून देत नाही, कारण गाडी विकायची ठरल्यावर तिच्यावर कोणी पैसे घालत नाही. म्हणून तीन लाखांत बसणारी गाडी म्हणजे दोन लाख वीस ते चाळीस हजारांची गाडी. उरलेले पैसे बँकेतच राहू द्या, ते तिच्यासाठीच आहेत.

आता ही स्विफ्टच का नको, ते बघू.

या गाडीचं १.३ लिटरचं इंजिन मुळात फियाटचं मल्टिजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं. इंजिन उत्तम आहे, वेळेवर ऑइल बदललं तर तीन लाख किलोमीटर चाललेलं मी स्वतः उघडून पाहिलंय. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, तरी रस्त्यावर त्या इतक्या आहेत की पार्ट मिळायची अडचण नाही. प्रश्न तुमच्या वापराचा आहे. हे इंजिन लांबच्या पल्ल्याला खूश असतं. नऊ किलोमीटर जायचं, पाच तास उभं राहायचं, नऊ किलोमीटर यायचं, अशा वापरात ते धड तापतच नाही. काजळी ईजीआरमध्ये (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेकमध्ये (हवा आत घेणारा मार्ग) साठत जाते, आधीच बारा वर्षांची काजळी आत असते, आणि मग पिकअप गेला, काळा धूर आला म्हणत गाडी माझ्यासारख्याच्या दारात येते.

डिझेल स्वस्त पडतं म्हणून घ्यायची, तर तोही हिशोब मांडू. पावसाळ्यातली शाळा, वडिलांच्या कराडच्या फेऱ्या, सणावाराचं गावाला जाणं, सगळं धरून तुमचे वर्षाला सहा हजार किलोमीटर होतील. डिझेल साधारण नव्वद रुपये आणि अॅव्हरेज अठराचं धरलं तर किलोमीटरला पाच रुपये. पेट्रोल एकशे चार आणि अॅव्हरेज पंधराचं धरलं तर सात रुपयांच्या जरा आत. म्हणजे वर्षाला वाचले साडेअकरा हजार. आणि या वयात डिझेलचं एखादं दुखणं निघालं की? चार इंजेक्टर आहेत, नवा एकेक दहा हजारांच्या वरच जातो. टर्बो उतरवून करायचा तर पंचवीस-तीस हजार. ऑइल बदलायला आधीच्या मालकाने टाळाटाळ केली असेल तर टायमिंग चेन सैल पडलेली असते. सकाळी पहिल्या सेल्फला दोन-तीन सेकंद खरखर ऐकू येते ती तीच. चेन सुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि अर्धं इंजिन करावं लागतं. तीन वर्षांत वाचवलेलं डिझेल एका दुरुस्तीत जातं. वर्षाला अठरा-वीस हजार किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला मी अजूनही जुनी डिझेल घ्या म्हणतो. तुमच्या वापराला नाही.

या गाडीबद्दल आणखी एक शंका आहे. २०१३ साली डिझेल गाडीसाठी लोक पेट्रोलपेक्षा लाखभर रुपये जास्त मोजायचे ते भरपूर फिरायचं म्हणूनच. आपल्या भागात अशी गाडी वर्षाला सोळा-अठरा हजार सहज पळते. १ लाख ३८ हजार म्हणजे वर्षाला साडेअकरा हजार. असू शकतं खरं, पण पुरावा मागा. मीटर मागे फिरवणं हे आता अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याचा कुठलाही मागमूस बाहेरून दिसत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरवर जुन्या नोंदी असतात, मालकाने विचारलं तर त्या मिळतात. मालक त्या काढून द्यायला कां-कूं करत असेल तर तेच उत्तर समजा. शिवाय क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली बाजू आणि ड्रायव्हर सीटचा दबलेला काठ पाहा. मीटर लाखाचं आणि पेडल उघडं पडलेलं, हे जुळत नाही.

कागदाचं गणितही या गाडीच्या विरोधात जातं. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. हिची जून २०२८ मध्ये संपणार. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते असं अनेकांना वाटतं, तसं नाही. तपासणीत पास झाली तर पुढे पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. दहा वर्षांवरच्या डिझेलला आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोलला बंदी आणणारे आदेश दिल्ली परिसरापुरते होते, महाराष्ट्रात केवळ वयावरून गाडी बंद होत नाही. पण री-पासिंग फुकटही होत नाही. चारचाकीचं नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेलं, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ मध्ये दहा हजार केलं. वर पर्यावरण कर, आणि पास होण्याइतकी गाडी नीट करायचा खर्च. म्हणून बारा-तेरा वर्षांच्या गाडीला विकताना पुढचा गिऱ्हाईक नेमकं तिथेच बोट ठेवतो. तुम्ही आज पावणेतीन लाख दिले तर तीन वर्षांनी तिचे लाख आले तरी नशीब.

मग जुनी घ्यायचीच कशाला, असं मेहुणे म्हणतील. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, आणि गेल्या वर्षभरात त्याला बळही मिळालंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्के अधिक उपकरावरून अठरा टक्क्यांवर आला. मारुतीच्या सर्वांत छोट्या गाड्यांची एक्स-शोरूम किंमत त्यामुळे साडेतीन लाखांच्या आसपास सुरू होऊ लागली. नवी उतरली की जुनीही उतरायला हवी, पण विकणारे अजून मागच्या वर्षीचेच भाव सांगतात. भाव करताना हे नक्की बोलून दाखवा.

तरीही पूर्ण हिशोब मांडला तर काय दिसतं? नवीन छोटी गाडी, जरा बऱ्या मॉडेलची, आरटीओचा अकरा टक्के कर आणि विमा धरून रस्त्यावर येईपर्यंत सव्वापाच लाखांच्या पुढे जाते. सव्वापाच-साडेपाच धरू. तुमचे तीन लाख भरले आणि अडीच लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी काढलं तर महिन्याचा हप्ता सव्वापाच हजार, आणि एकूण व्याज पासष्ट हजारांच्या आसपास. चार वर्षांनी ती विकायला काढली तर तीन लाख येतील असं धरू. म्हणजे किमतीतली घट साधारण सव्वादोन-अडीच लाख, चार वर्षांतलं व्याज साठ हजार, सर्व्हिसिंग पंचवीस हजार. चार वर्षांचे सव्वातीन लाख, वर्षाला ऐंशी हजार.

आता २०१५ची पेट्रोल वॅगनआर दोन लाख तीस हजारांना घेतली. पहिल्या वर्षी पंचेचाळीस हजार घातले, पुढची तीन वर्षं पंधरा-पंधरा हजार. चार वर्षांनी तिचे एक लाख तीस आले. घट एक लाख, दुरुस्ती नव्वद हजार. वर्षाला पडले अठ्ठेचाळीस हजारांच्या आत. विम्यातला फरक मी धरलेलाच नाही, तो धरला तर जुनीचा फायदा आणखी वाढतो. वर्षाला तीस हजारांची बचत, डोक्यावर हप्ता नाही, आणि महिन्याअखेर पगार लांबला तर बँकेचा फोन नाही.

हे असं का होतं, त्याचं कारण सोपं आहे. गाडीची सगळ्यात मोठी घट पहिल्या पाच वर्षांत होते आणि ती पहिला मालक सोसतो. विमा कंपन्यांच्या तक्त्यातही पाचव्या वर्षी किंमत निम्मी धरतात. आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान ही उतरंड सपाट होते. नऊ वर्षांची आणि अकरा वर्षांची यांत तीस-चाळीस हजारांचाच फरक राहतो. तेरानंतर मात्र पंधराव्या वर्षाचा कडा जवळ येतो आणि भाव पुन्हा कोसळतो. म्हणून माझ्या मते घ्यायचं वय आठ ते दहा वर्षांचं. त्याहून नवी घ्यायची तर जुनीचा फायदा राहत नाही, त्याहून जुनी घ्यायची तर ती गाडी आणि तिचा मालक दोघेही तुमच्या चांगल्या ओळखीचे हवेत.

तुमच्यासाठी मी २०१५ ते २०१७ दरम्यानची वॅगनआर, सेलेरिओ किंवा अल्टो के-१० बघेन. तिन्हींत ९९८ सीसीचं तेच के-सिरीज इंजिन, चेनवर चालणारं, आणि पाटणमधला कुठलाही मेकॅनिक डोळे झाकून उघडेल असं. हा मुद्दा तुम्हाला किरकोळ वाटेल, पण जुन्या गाडीत मी इंजिनानंतर लगेच हाच बघतो. ज्यांनी भारतातला धंदा गुंडाळला अशा कंपन्यांच्या गाड्या स्वस्तात मिळतात, चालवायलाही छान असतात. शेवरलेची विक्री २०१७च्या अखेरीस थांबली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. पुण्यात राहणाऱ्याला त्या निभावतील. पाटणला एका सेन्सरसाठी चार दिवस थांबायचं आणि तेवढ्यात वडिलांची तारीख आली, हे तुम्हाला परवडणार नाही. ह्युंदाईची १.१ इंजिनाची आय-१०ही चांगली, फक्त तिला टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याचं बिल दाखवा म्हणायचं, नाहीतर घेतल्याबरोबर बदलायचा.

सीएनजी वॅगनआर मिळाली तर कंपनीतून बसवलेली असेल तरच घ्या, टाकीची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रोटेस्ट, म्हणजे दाबाची चाचणी, झालेली हवी.

एक गोष्ट मात्र जुन्या गाडीत पैशाने भरून निघत नाही. नव्या मॉडेलना एबीएसची (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्ती एप्रिल २०१८ पासून आणि जुन्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून झाली, ड्रायव्हर एअरबॅगची जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या सीटची त्यानंतर. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये दोन्ही नसतात, वरच्या किंवा पर्यायी मॉडेलमध्येच असतात. तुमच्या गाडीत दोन मुलं आणि वयस्कर वडील बसणार आहेत आणि रस्ता कोयनाकाठचा, पावसात निसरडा. दहा-पंधरा हजार जास्त गेले तरी चालतील, पण एबीएस आणि एअरबॅग असलेलीच शोधा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर कोणीतरी बल्ब काढून ठेवलाय असं समजा.

आता पाहणी. माझी पहिली अट, गाडी थंड हवी. बॉनेटवर हात ठेवा, कोमट लागलं तर आधी चालू करून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणून परत फिरा. थंड इंजिनावरच खरं बोलणं ऐकू येतं. मागे माणूस उभा करून सेल्फ मारा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर सकाळी थोडा येतो, तो पाच-सात मिनिटांत थांबला तर ठीक, थांबलाच नाही आणि गोडसर वास आला तर कूलंट आत जातंय. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढा. वाफेसारखा धूर भसाभसा येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, पिस्टन रिंग गेल्यात. झाकणाच्या आत दुधाळ चिकटा दिसला तर ऑइलमध्ये पाणी. रेडिएटरच्या टाकीत हिरवं किंवा लाल कूलंट हवं, गंजाचं तांबडं पाणी नको. ज्याने बारा महिने नळाचं पाणी ओतलंय त्याने बाकी काय सांभाळलं असेल?

मग चक्कर मारायला निघा, आणि सपाट रस्त्यावर नाही, चढावर. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने एकदम अॅक्सिलरेटर दाबा. आवाज वाढला पण गाडी वाढली नाही तर क्लच घसरतोय. खराब रस्त्यावर काचा वर घेऊन, टेप बंद करून कान द्या. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हलकं सोडून बघा, ब्रेक मारताना गाडी ओढते का बघा. एसी वीस मिनिटं चालवा, पहिली पाच मिनिटं सगळ्यांचेच गार असतात.

पत्रा तपासायला फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक पुरतं. जिथे ते चिकटत नाही तिथे खाली पुटी आहे. दरवाज्याचं आणि डिकीचं रबर खाली ओढा, कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके एकसारखे ओळीत दिसतात. ते गायब असतील तर तो भाग कापून जोडलाय. बंपर आणि फेंडर रंगवलेले असणं गुन्हा नाही, बारा वर्षांत कोणाचीही गाडी कुठेतरी घासते. मी घाबरतो ते पुढच्या चासीला आणि छताच्या खांबांना झालेल्या कामाला.

आणि आपल्या भागात एक तपासणी इतर सगळ्यांपेक्षा महत्त्वाची आहे, ती पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि पुन्हा कृष्णाकाठ. पाण्याखाली गेलेल्या शेकडो गाड्या नंतर धुऊनपुसून बाजारात आल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच अजून फिरताहेत. माझ्या एका गिऱ्हाइकाने २०२० मध्ये अशी एक गाडी माझ्याकडे न दाखवता घेतली. बाजारभावापेक्षा चाळीस हजार कमी, आतून नवीन सीट कव्हर, नवीन मॅट, सुगंधी डबी. सात महिने बरी चालली. आठव्या महिन्यात हॉर्न आपोआप वाजायला लागला. मग काचा बंद पडल्या. मग एका रात्री बायकामुलांसह चिपळूणहून येताना कुंभार्ली घाटात धुक्यात सगळे दिवे गेले. मोबाइलचा उजेड दाखवत पोराला गाडीच्या मागे उभं केलं, असं तो मला सांगत होता तेव्हा त्याचा आवाज कापत होता. मी डॅशबोर्ड उघडला तर वायरिंगचे जोड हिरवे पडलेले आणि फ्यूज बॉक्सच्या मागे चिखलाचा वाळलेला थर. वायरिंग बदलण्यात सत्तर हजारांवर गेले तरी ती गाडी पुन्हा भरवशाची झाली नाही. त्यानंतर मी प्रत्येकाला सांगतो, सीट कव्हरला भुलू नका, सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुणारा माणूस बेल्टचा गुंडाळलेला शेवटचा हातभर भाग कधीच धूत नाही, पाण्याची रेघ तिथे राहते. सीटच्या खालच्या पट्ट्यांचा गंज, मॅटखालचा नमदा, स्टेपनीचा खड्डा आणि हेडलाइटच्या आतली आडवी पुसट रेषा हेही पाहा. वरून भारी वासाचं अत्तर मारलेलं असेल तर दारं बंद करून उन्हात अर्धा तास ठेवा आणि मग उघडून वास घ्या.

कोकणातली किंवा मुंबईची गाडी असेल तर जॅकवर घेऊन खालचा पत्रा पाहायला विसरू नका. खाऱ्या हवेने चासीला आतून पोखरलेलं असतं आणि वरून अंडरकोटिंगचा काळा थर दिलेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघितलं की आवाजावरून कळतं.

पेट्रोलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगणं भाग आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०२३च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी घडवलेल्या नाहीत. म्हणून जुनी गाडी घेऊच नये असं मला वाटत नाही. अॅव्हरेज थोडं कमी पडतं, आणि जुन्या रबरी नळ्या, सील लवकर कडक होऊन चिरतात. गाडी घेतल्यावर इंधनाच्या नळ्या बदलून घ्या, दोन-तीन हजारांचं काम आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे टाकी अर्धी ठेवून गाडी महिना-महिना उभी ठेवू नका. तुमची गाडी उन्हाळ्यात बराच वेळ उभी राहणार, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

कागदपत्रांत फार वेळ घालवायचा नाही, पण चार गोष्टी सोडायच्याही नाहीत. आरसीवर बँकेचा बोजा नको, कर्ज फिटलं असं तोंडी सांगून चालत नाही, बोजा उतरवलेला दिसला पाहिजे. थकलेली ई-चलनं विकणाऱ्याने भरून द्यायची. उच्च सुरक्षेची नवी नंबर प्लेट, जी एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालीय, ती बसवलेली हवी. आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या घेऊन नाव तुमच्यावर चढेपर्यंत पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, दहा-पंधरा हजार हातात ठेवायचे. नाव चढवायला उशीर झाला तर काय होतं याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा निकाल स्पष्ट आहे, अपघात झाला तर नोंदणीवर ज्याचं नाव तोच मालक. विकणाऱ्यालाही हे सांगा, तो स्वतःहून घाई करेल. विमा चौदा दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट, तुम्हाला मिळत नाही, म्हणून हप्ता जरा वाढेल. हजार सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा, २,०९४ रुपये आहे, पण पहिली दोन वर्षं तरी पूर्ण विमा घ्या. तुमचा रस्ता दरडींचा आहे.

परराज्याच्या पासिंगची, विशेषतः दिल्लीची स्वस्त गाडी कोणी दाखवली तर हात जोडा. इथे पुन्हा कर भरून नंबर बदलण्यात फरक संपतो, आणि चकरा तुमच्या वाट्याला येतात.

नवीच घ्या असं मी कोणाला सांगतो? ज्याचा वापर वर्षाला बारा-पंधरा हजारांच्या वर आहे, किंवा घरात असा रुग्ण आहे की रात्री दोनला गाडी सुरू झालीच पाहिजे, किंवा ज्याच्या गावात भरवशाचा मेकॅनिक नाही. वडिलांची तब्येत पुढे जास्त बिघडण्यासारखी असेल तर डॉक्टरांशी बोला आणि माझा हिशोब बाजूला ठेवून नवी घ्या, वर्षाचे तीस हजार त्यापुढे काही नाहीत. आज तुम्ही लिहिलंय त्यावरून ठरलेल्या तारखांच्या तपासण्या आहेत, आणि त्याला नीट बसवून घेतलेली वॅगनआर पुरेल.

गाडी शोधताना बाजारात जाण्याआधी तुमच्याच शिक्षकांच्या गटात विचारा. निवृत्त झालेले, एकहाती चालवलेली, घरासमोर शेडमध्ये उभी असलेली गाडी विकणारे गुरुजी प्रत्येक तालुक्यात निघतात. माझ्याकडे अशीच एक २००८ची वॅगनआर येते, पहिल्या मालकाने प्रत्येक सर्व्हिसची तारीख वहीत लिहून ठेवलेली. दुसऱ्या मालकाने तीच वही पुढे चालवली, दोन वर्षांपूर्वी री-पासिंग झालं आणि गाडी आजही एका सेल्फला उठते. अशी वही दिसली तर दहा हजार जास्त द्यायला मागेपुढे बघू नका.

आणि एवढं ऐकूनही मन त्या स्विफ्टवरच असेल, कारण ती दिसायला देखणी आहे आणि चालवायला ताकदीची आहे हे मलाही मान्य आहे, तर सर्व्हिसच्या नोंदी हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. सकाळच्या पहिल्या सेल्फला चेनची खरखर नसेल, नोंदींतले किलोमीटर मीटरशी जुळत असतील, तर एक लाख ऐंशीपर्यंत जा. त्यावर एक रुपयाही नको, वरचे एक लाख वीस हजार त्या इंजिनासाठी राखून ठेवा.